‘सेव्ह झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

ऑफिसात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा खोटा पडणारा शब्द कोणता? ‘सॉरी’? नाही. ‘ट्रॅफिक’? तोही नाही. तो शब्द आहे ‘झालं!’

“मेल टाकला?” “झालं सर.” (म्हणजे ड्राफ्टमध्ये पडलाय.)
“प्रेझेंटेशन?” “झालंच मॅडम.” (म्हणजे टायटल स्लाइड झाली.)
“कुरिअर गेलं?” “झालं.” (म्हणजे रिसेप्शनवरच्या ट्रेमध्ये टाकलं.)

यातलं तिसरं ‘झालं’ जरा लक्षात ठेवा. आजचा कॉलम त्याच ट्रेवर आहे. विषय कॉम्प्युटरचा असला, तरी पान उलटू नका, प्लीज. मीही तुमच्यातलीच. मास कॉमवाली. प्रिंटर चालला नाही की आधी त्याला थापटा मारणारी.

तर झालं असं...

फ्रीलान्सिंगचा एक साधा नियम आहे. लेखांचं मानधन येतं तेव्हा येतं, घरमालक मात्र एक तारखेलाच येतो. त्यामुळे मधूनमधून वेगळी कामं घ्यावी लागतात. मागच्या वर्षी असंच एक काम आलं. पुण्यातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी, पतसंस्थांसाठी हिशेबाचा प्रोग्रॅम बनवणारी. त्यांना मराठीतून नवं यूजर मॅन्युअल हवं होतं. जुनं मॅन्युअल हातात देऊन तिथले सर म्हणाले, “मजकूर आहेच, भाषा जरा फ्रेश कर.” पानामागे पैसे ठरले. मी मनातल्या मनात दोन महिन्यांचं भाडं मोजून टाकलं.

पहिला ड्राफ्ट आठवड्यात दिला. कॉपी तपासायला गेली ती कंपनीतल्या सगळ्यात सीनिअर इंजिनीअरबाईंकडे. त्यांना सगळे नुसतं ‘मॅडम’ म्हणतात. चौदाव्या पानावर लाल पेनाची एक जाड रेघ मारून ती परत आली. खोडलेलं वाक्य असं होतं : ‘सेव्ह झाले असा मेसेज दिसला की तुमची नोंद कायमची सुरक्षित झाली.’

इतकं निरुपद्रवी वाक्य! मी तडक त्यांच्या टेबलाशी गेले.

“मॅडम, यात काय चुकलं?”

“सुरक्षित झाली, हे तुला कोणी सांगितलं?”

“सॉफ्टवेअर सांगतं ना.”

“आणि सॉफ्टवेअरला कोणी सांगितलं?”

मी गप्प. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात की! बातमी कोणी सांगितली, आणि त्याला कोणी सांगितली? वर मी ते वाक्य जुन्या मॅन्युअलमधून जसंच्या तसं उचललं होतं.

मॅडम म्हणाल्या, “बस. तुला एक गोष्ट सांगते. मग लिही काय लिहायचं ते.”

त्रेचाळीस नोंदी

गोष्ट एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेची. पिग्मी म्हणजे काय ते शहरातल्या मंडळींसाठी सांगते. एजंट रोज दुकानोदुकानी, हातगाड्यांपाशी फिरतो, कोणाकडून पन्नास, कोणाकडून शंभर घेतो, हातातल्या छोट्या मशीनवर नोंद करून पावती देतो. संध्याकाळी पतसंस्थेत येऊन रोकड भरतो आणि मशीन सर्व्हरला जोडतो. सगळ्या नोंदी एका दमात सर्व्हरवर जातात.

त्या दिवशी त्रेचाळीस नोंदी होत्या. काउंटरवरच्या ताईंनी मशीन जोडलं. स्क्रीनवर आलं, ‘४३ नोंदी सेव्ह झाल्या.’ ताईंनी एजंटला पोच दिली. सर्व्हरकडून ‘सेव्ह’ कळल्यावर मशीनने आपल्या पोटातला डेटा पुसून टाकला. ते तसंच बनवलेलं होतं. आणि काही सेकंदांत लाइट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच राम म्हणून बसली होती.

सकाळी सर्व्हर चालू केला, तर त्रेचाळीसपैकी एकही नोंद नाही. मशीन कोरं, सर्व्हर कोरा. ड्रॉवरमध्ये रोकड जास्त, हिशेबात कमी.

मॅनेजरनी ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, “मेसेज आला होता, मी डोळ्यांनी बघितलं.” मॅनेजरनी मॅन्युअल उघडलं. त्यात छापलेलं, ‘मेसेज दिसला की नोंद कायमची सुरक्षित.’ म्हणजे नोंद नाही त्या अर्थी मेसेज आलाच नव्हता. मेसेज आला नव्हता त्या अर्थी घरी जायच्या घाईत एंट्री न करताच पोच दिली, आणि आता सॉफ्टवेअरवर ढकलताहेत! ताईंना कारणे दाखवा नोटीस निघाली.

नंतर एजंट आणि ताई दोघांनी मिळून दुकानोदुकानी फिरून पावत्या गोळा केल्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळल्या, पैसे पैशाला पैसा जुळले, नोटीस मागे घेतली गेली. पण मधल्या काळात गावात जे बोललं गेलं, त्याची पावती कुठून आणणार?

“ताई खरंच बोलत होत्या,” मॅडम म्हणाल्या. “मेसेज आला होता. खोटं बोललं ते आपलं चौदावं पान.”

ते वाक्य आता माझ्या ड्राफ्टमध्ये होतं. माझ्या फ्रेश भाषेत!

ट्रे नावाची भानगड

मग मॅडमनी मला जे समजावलं, ते तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

प्रोग्रॅम जेव्हा फाइलमध्ये काही लिहितो, तेव्हा तो थेट डिस्कवर लिहीत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, ‘हे लिही.’ लिनक्स असो की विंडोज, सिस्टिम तो मजकूर घेते, मेमरीतल्या एका जागेत ठेवते आणि म्हणते, ‘झालं.’ या जागेला लिनक्समध्ये पेज कॅश म्हणतात. हाच तो रिसेप्शनवरचा ट्रे! पाकीट ट्रेमध्ये पडलं, तुम्ही टेबलावर परत आलात. कुरिअरवाला येईल तेव्हा नेईल.

सिस्टिम आळशी असते म्हणून नव्हे. मेमरीत लिहायला नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कला काही मिलिसेकंद. फरक लाखपटीच्या घरातला. प्रत्येक पाकिटासाठी स्वतः पत्त्यावर जायचं ठरवलं तर ऑफिसात काम कधी करणार? म्हणून ट्रे. लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला ट्रेमधला मजकूर साधारण ३० सेकंद जुना झाला की तो डिस्ककडे पाठवायला घेतात. तेवढ्यात लाइट गेली, तर ट्रे गेला. कारण मेमरीला वीज लागते.

यात चोरून काहीच नाही बरं का. लिनक्सची जी अधिकृत माहितीपानं असतात, ज्यांना मॅन पेजेस म्हणतात, त्यात लिहिण्याच्या आज्ञेच्या पानावर स्पष्ट म्हटलंय की आज्ञा यशस्वी झाली याचा अर्थ मजकूर डिस्कवर पोचला असा होत नाही. लिहिलेलं आहे. वाचतंय कोण!

मग खात्री हवी असेल तर? त्यासाठी वेगळी आज्ञा आहे, एफसिंक. म्हणजे ट्रेपाशी उभं राहून सांगायचं, ‘या फाइलचं सगळं आत्ता पाठवा, आणि पोचल्याची सही मिळेपर्यंत मी हलत नाही.’ हिचीच धाकटी बहीण एफडेटासिंक. ती मजकूर आणि तो परत वाचायला लागणारी माहिती, उदाहरणार्थ फाइलची लांबी, एवढंच पोचवते. ‘फाइल शेवटची कधी बदलली’ असल्या नोंदींसाठी थांबत नाही. आणि दर वेळी वेगळं सांगायचं नसेल, तर फाइल उघडतानाच अट घालता येते. ओ-सिंक म्हणजे प्रत्येक लिखाणानंतर जणू एफसिंक, ओ-डीसिंक म्हणजे जणू एफडेटासिंक.

इथेही गंमत आहे. लिनक्सच्या २.६.३३ या २०१० मधल्या आवृत्तीपर्यंत बहुतेक ठिकाणी ओ-सिंक मागितलं तरी मिळायचं ओ-डीसिंकच. पाटी एकीची, माल दुसरीचा. आज हेसुद्धा मॅन पेजवर नमूद आहे.

अजून एक बारीक अक्षरातली अट. नवी फाइल बनवून तिला एफसिंक केलं, तरी ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरच्या यादीत तिचं नाव डिस्कवर चढलंच असेल, असं नाही. त्यासाठी फोल्डरलाही वेगळं एफसिंक करावं लागतं. पाकीट पोचलं, पण आवक रजिस्टरमध्ये त्याची नोंदच नाही, असा प्रकार.

आता त्या पतसंस्थेत काय झालं होतं? काही वर्षांपूर्वी ‘गर्दीच्या वेळी पावती निघायला उशीर होतो’ अशा तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीतल्या कोणीतरी ही सहीसाठी थांबण्याची सेटिंग बंद केली होती. काउंटर फास्ट झाला, सगळे खूश. मॅन्युअलमधलं वाक्य मात्र तसंच राहिलं.

डायरेक्ट म्हणजे डायरेक्ट नव्हे!

घरी जाऊन मी अभ्यासाला बसले. मॅन पेजेस उघडली. अर्धं डोक्यावरून गेलं, पण एक शब्द सापडला आणि मी टुणकन उडाले. ओ-डायरेक्ट! फाइल या अटीने उघडली की पेज कॅश टाळून मजकूर सरळ डिस्ककडे. ट्रेच नाही! म्हणजे भानगडच मिटली की. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी झोकात लिहिलं, ‘डायरेक्ट मोड वापरल्यास नोंद थेट डिस्कवर जाते, त्यामुळे ती सुरक्षित असते.’

परत लाल रेघ.

“अगं, मुंबईला एक्स्प्रेस-वेने निघालीस म्हणजे पोचलीस का?” मॅडम म्हणाल्या. “डायरेक्ट हे रस्त्याचं नाव आहे. पोचल्याची खात्री हा वेगळा विषय.”

ट्रेमध्ये न टाकता तुम्ही पाकीट गेटवर कुरिअरवाल्याच्या हातात दिलंत. ट्रे टळला. पण पाकीट अजून त्याच्या पिशवीत आहे. डिस्कला तिची स्वतःची छोटी मेमरी असते, तीही ट्रेच. शिवाय फाइलची लांबी वाढली, नवी जागा घेतली, ही रजिस्टरमधली माहिती पोचली की नाही तेही वेगळंच. मॅन पेज हे सरळ सांगतं : ओ-डायरेक्ट एकटं असेल तर ते मजकूर ताबडतोब पोचवायचा प्रयत्न करतं, पण ओ-सिंकसारखी हमी देत नाही. हमी हवी तर दोन्ही अटी एकत्र घाला.

मग ओ-डायरेक्ट हवं कोणाला? मोठ्या डेटाबेसवाल्यांना. त्यांचा स्वतःचा ट्रे असतो, आपल्या सोयीने लावलेला. एकच पाकीट आधी त्यांच्या ट्रेत आणि मग सिस्टिमच्या ट्रेत, असा दुहेरी खर्च त्यांना नको असतो. ही कल्पना आली सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स या सिस्टिममधून. लिनक्समध्ये ती आली २००१ साली, २.४.१० या आवृत्तीत.

यात नखरेही बरेच. गेटवरचा कुरिअरवाला ठरावीक मापाचीच खोकी घेतो. मजकुराची लांबी, मेमरीतली त्याची जागा आणि फाइलमधली जागा, तिन्ही डिस्कच्या मापात बसावी लागतात. कुठे ५१२ बाइट, कुठे ४०९६. माप चुकलं की कुठे काम नाकारलं जातं, तर कुठे न सांगता पाकीट परत ट्रेमध्ये टाकलं जातं. म्हणजे तुम्ही डायरेक्ट मागताय आणि गुपचूप साध्या रस्त्याने चाललाय! फाइल नेटवर्कवर दुसऱ्या मशीनवर असेल, तर तुमच्या बाजूचा ट्रे टळतो, पलीकडचा मात्र असू शकतो.

आणि कुठल्या फाइलला कुठलं माप लागेल? हे सिस्टिमलाच विचारायची, सगळ्या फाइल सिस्टिम्सना लागू पडेल अशी सोय आली थेट २०२२ च्या डिसेंबरमध्ये, लिनक्स ६.१ सोबत. २००१ ते २०२२. एकवीस वर्षं लोक अंदाजाने खोकी भरत होते. खुद्द लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स या ओ-डायरेक्टवर इतके वैतागले होते की हे कुठल्यातरी नशेतल्या माकडाने बनवलं असावं, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य अनेक वर्षं चक्क मॅन पेजवर छापलेलं होतं. अधिकृत कागदावर अशी कबुली! मला तर ते पान एकदम आवडलं.

दुसऱ्या घरी गेलात की चालीरीती वेगळ्या. विंडोजमध्ये ‘मधला साठा नको’ आणि ‘लिहिलेलं थेट पार करा’ यासाठी दोन वेगवेगळी चिन्हं आहेत, म्हणजे रस्ता आणि खात्री या दोन गोष्टी आहेत हे नावांतच दिसतं. ॲपलच्या मॅकवर ओ-डायरेक्ट नाहीच, त्याच्या जवळची वेगळी सोय आहे. आणि तिथे साधं एफसिंक मजकूर डिस्कच्या हवाली करतं, डिस्कच्या पोटातल्या ट्रेची हमी घेत नाही. ती हवी तर फुल-एफसिंक नावाची वेगळी मागणी करावी लागते. हेही ॲपलच्या स्वतःच्या मॅन पेजवर लिहिलेलं आहे.

सवय म्हणजे हमी नव्हे

एव्हाना मला चटकच लागली. रूममेट रात्री एकला विचारायची, “सीरिज कुठली बघतेयस?” मी म्हणायचे, “एफसिंक.” कारण यात सस्पेन्स खरोखर सॉलिड आहे.

२००९ ची गोष्ट घ्या. लिनक्सची जुनी फाइल सिस्टिम, ईएक्सटी-३, नेहमीच्या सेटिंगला दर पाच सेकंदांनी ट्रे रिकामा करायची. कोणी तसं वचन दिलं नव्हतं, पण प्रोग्रॅमवाल्यांना सवय झाली. एफसिंक कशाला, पोचतंच की! मग ईएक्सटी-४ आली. वेगासाठी ती पाकिटं जास्त वेळ थांबवून एकदम पाठवायची. मशीन अचानक बंद पडलं की लोकांच्या सेटिंगच्या फाइल्स शून्य बाइटच्या निघायला लागल्या. नाव आहे, आत काही नाही. फाइल सिस्टिमवाले म्हणाले, नियमात बसतंय. वापरणारे म्हणाले, आमचा डेटा गेला. दोघंही खरं बोलत होते! शेवटी थिओडोर त्सो आणि मंडळींनी नेहमीच्या काही प्रसंगांपुरती जुनी सवय परत आणून दिली.

२०१३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडी घेतल्या आणि मुद्दाम वीज तोडून पाहिलं. पंधरापैकी १३ मध्ये काही ना काही गडबड निघाली. म्हणजे कुरिअरवाल्याच्या सहीवरही डोळे मिटून विश्वास नको. म्हणूनच सर्व्हरसाठीच्या महागड्या एसएसडींमध्ये कपॅसिटर बसवतात, लाइट गेल्यावर पिशवीतली पाकिटं पोचवण्यापुरती वीज देणारे. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने गिट, एसक्यूलाइट, पोस्टग्रेस अशा ११ नावाजलेल्या प्रोग्रॅम्सची तपासणी केली, तर मशीन कोसळल्यास घात करतील अशा ६० जागा सापडल्या. भल्याभल्यांना हा नियम नीट लागत नाही, तर माझं काय!

आणि सगळ्यात भारी, २०१८. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. त्याच्या मंडळींच्या लक्षात आलं की एफसिंक फेल झालं आणि पुन्हा एफसिंक केलं, तर लिनक्स दुसऱ्यांदा ‘झालं’ म्हणू शकतं. पहिल्या खेपेला न पोचलेला मजकूर मात्र गेलेलाच! कारण पहिल्या अपयशानंतर सिस्टिम त्या पाकिटांवर ‘काम संपलं’ असा शिक्का मारते. पोस्टग्रेस अनेक वर्षं ‘परत विचारू, मग पोचेल’ याच भरवशावर होता. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी वागणं बदललं. एफसिंक फेल झालं की आता डेटाबेस स्वतःहून थांबतो आणि आपल्या लॉगवरून सगळं पुन्हा उभं करतो. पहिल्यांदा ‘नाही’ म्हणालेल्याला दुसऱ्यांदा विचारून ‘हो’ मिळालं की आपण खूश होतो. इथे तसं चालत नाही.

हे सगळं एका जागी नीट लिहून ठेवायचं काम करतं कोण? लिनक्सची ही मॅन पेजेस २००४ पासून बरीच वर्षं प्रामुख्याने मायकल केरिस्क या एका माणसाने सांभाळली. त्यानंतर अलेहान्द्रो कोलोमार. २०२४ मध्ये कोलोमार यांनी जाहीर केलं की या कामाचे पैसे कोणी देत नाही, त्यामुळे मला थांबावं लागतंय. पुढे काही कंपन्यांनी मिळून त्यांच्या पैशांची सोय केली. अर्ध्या जगाचे सर्व्हर ज्या नियमांवर चालतात, ते नियम लिहिणाऱ्याचाही प्रश्न शेवटी एक तारखेचाच! त्या दिवसापासून पानामागे मिळणाऱ्या माझ्या पैशांकडे मी जरा आदराने बघायला लागले.

“कस्टमर घाबरतील”

तिसरा ड्राफ्ट मी मन लावून लिहिला. काय होतं, काय होत नाही, कुठपर्यंत खात्री आणि कुठून पुढे नाही. मॅडमनी एकही रेघ मारली नाही. आता सरांची सही हवी होती.

सरांनी चौदावं पान वाचलं आणि कपाळाला आठ्या. “हे काय? ‘नोंद जाऊ शकते’? कस्टमर घाबरतील! जुनं वाक्य काय वाईट होतं? छान पॉझिटिव्ह होतं.”

खरं सांगू? त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर घरमालक आला. बिल अडकायची भीती होती. ‘ठीक आहे सर, बदलते’ हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, त्या पॉझिटिव्ह वाक्यापायी एका बाईला नोटीस आली होती. ती खोटी ठरली ती आपल्या छापील पानामुळे. पुढच्या वेळी कोणी कोर्टात गेलं, तर तेच पान आपल्यासमोर धरतील.”

केबिनमध्ये जरा वेळ फक्त एसीचा आवाज. मग सर म्हणाले, “सॉफ्टवेअरमध्ये पण बदल करावा लागेल ना मग?”

“तो मी केलाय,” मॅडम म्हणाल्या.

बंद केलेली सेटिंग त्यांनी परत चालू केली होती. आता डिस्ककडून सही आल्यावरच मेसेज येतो, आणि मेसेजनंतरच एजंटचं मशीन आपला डेटा पुसतं. मग काउंटर स्लो होईल त्याचं काय? त्यावर उपाय साधा. त्रेचाळीस नोंदींसाठी त्रेचाळीस वेळा सही घेण्याऐवजी सगळ्या एका खोक्यात घालून एकदाच सही घ्यायची. डेटाबेसवाले हे वर्षानुवर्षं करत आलेत. गेल्या तर सगळ्या जातील, राहिल्या तर सगळ्या राहतील. अर्धवट भानगड नाही.

अखेर चौदाव्या पानावर हे छापलं गेलं :

‘“नोंद पूर्ण” असा मेसेज येईपर्यंत नोंद झाली असे धरू नये व पोच देऊ नये. मेसेजआधी वीज गेल्यास, सर्व्हर सुरू झाल्यावर शेवटचा पावती क्रमांक तपासावा आणि नोंद नसल्यास पुन्हा करावी. मेसेजनंतरही डिस्क बिघडल्यास नोंद जाऊ शकते, म्हणून रोज बॅकअप घ्यावा. यूपीएसची बॅटरी नियमित तपासावी.’

फ्रेश नाही. पॉझिटिव्ह तर अजिबात नाही. पण माझ्या नावावर छापून आलेल्या कुठल्याही कव्हर स्टोरीपेक्षा मला हा पॅराग्राफ जास्त आवडतो. आणि त्यावर माझं नावही नाही!

नवं मॅन्युअल घेऊन मॅडम ट्रेनिंगला त्याच गावी गेल्या, तेव्हा मीही मागे लागून गेले. काउंटरवर त्याच ताई. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी पानं उलटत चौदावं पान काढलं आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. एकदा. मग परत एकदा.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मॅडम, हे आधीच का नव्हतं लिहिलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “ताई, लिहायला हवं होतं.” त्यांनी मान हलवली, चष्मा काढला आणि मला चहा मागवला. नवीन यूपीएस टेबलाखाली हिरवा दिवा लावून बसला होता. तो त्यांनी मला आवर्जून दाखवला.

तर मंडळी, या आठवड्याचा फंडा. पेन ड्राइव्ह उपटायच्या आधी ‘इजेक्ट’ करा. ते बटण म्हणजे ‘ट्रे रिकामा झाला का’ असं विचारणंच आहे. कॉपी पोचल्याची खात्री होईपर्यंत मूळ फाइल उडवू नका. व्हॉट्सॲपवर एक टिक, दोन टिक आणि निळ्या टिक यांतला फरक आपल्याला पाठ आहे. एका टिकवर आपण कोणाशी भांडत नाही, कारण तिचा अर्थ किती आणि कुठपर्यंत, ते आधी सांगितलेलं आहे.

आणि उद्या ऑफिसात कोणी विचारलं, “कुरिअर गेलं?” तर जरा थांबा. ट्रेमध्ये असेल तर ‘ट्रेमध्ये ठेवलंय’ म्हणा. पोचलं असेल तरच म्हणा, ‘झालं.’